सोसायटीच्या लॉबीतील पीस लिली मरगळल्या आहेत : उपाय सुचवावेत

अंगणवेल (पुणे)

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, लॉबीत, पीस लिलीच्या सात कुंड्या आहेत. इमारतीचे रंगकाम झाले त्या वेळी कंत्राटदाराने त्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंड्यांसह आणून ठेवल्या होत्या. नव्या व्यवस्थापक समितीने झाडांचे काम आता माझ्याकडे सोपवले आहे. सर्व झाडांची प्रकृती सारखी नाही, म्हणून वेगवेगळे लिहिते.

जिन्याखालच्या तीन कुंड्यांमधील पाने देठासकट आडवी झाली आहेत. माती वरून ओली दिसते, तरीही पाने उठत नाहीत. प्रवेशद्वाराजवळच्या दोन कुंड्यांमधील झाडे उभी आहेत, पण जवळजवळ प्रत्येक पानाचे टोक तपकिरी होऊन वाळले आहे आणि त्या वाळक्या भागाला पिवळी कड आहे. पश्चिमेच्या काचेलगतच्या कुंडीतील पाने फिकट पडली असून त्यांवर मधोमध पातळ, करपलेले डाग आहेत. लिफ्टजवळची सातवी कुंडी मात्र गर्द हिरवी आणि भरगच्च आहे. तिची तक्रार एवढीच की, येथे आणल्यापासून तिला एकही नवे फूल आलेले नाही.

सफाई कर्मचारी रोज सकाळी प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी घालतात. माळीकाकांच्या मते पाणी वाढवावे, शेजारच्या काकूंच्या मते खत द्यावे, आणि समितीतील एका सदस्यांच्या मते सगळीच काढून प्लास्टिकची झाडे आणावीत. तसा ठराव होण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

सदाफुली (ठाणे)

पीस लिलीला तहान लागली की ती अशीच मान टाकते आणि भरपूर पाणी मिळाले की काही तासांत पुन्हा उभी राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात हा प्रकार नेहमीचाच आहे. कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा, माती पूर्ण भिजू द्या, संध्याकाळपर्यंत फरक दिसेल. खताची घाई करू नका.

मातीचे_हात (तळेगाव)

सदाफुली ताई, आपला उपाय कोरड्या कुंडीसाठी अगदी बरोबर आहे. मात्र जिन्याखालच्या तीन कुंड्यांसाठी तो कृपया करू नये. गेली काही वर्षे माझी छोटी रोपवाटिका आहे, आणि दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या पीस लिलींपैकी तहानेने मेलेली क्वचितच असते.

पाने लवली आहेत याचा अर्थ पाणी पानांपर्यंत पोहोचत नाही, एवढाच होतो. ते का पोहोचत नाही, हे पान सांगू शकत नाही. माती कोरडी असेल तर मुळांना मिळायलाच पाणी नसते. माती सतत चिखलासारखी असेल तर मातीतल्या पोकळ्यांमधील हवा निघून जाते, मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेले मूळ पाण्यात उभे असूनही पाणी ओढू शकत नाही. दोन्ही वेळी झाड वरून एकसारखेच दिसते. दुसऱ्या प्रकारात माणूस कळवळून आणखी पाणी घालतो, आणि तिथेच झाड जाते.

म्हणून आधी कुंडी उचलून पाहा. कोरडी कुंडी हाताला हलकी लागते, तिची पाने पातळ आणि किंचित चुरगळलेली असतात, आणि माती कडेपासून सुटलेली दिसते. सडलेल्या झाडाची कुंडी जड असते, देठ तळाशी मऊ पडलेले असतात, आणि मातीला गटारासारखा आंबूस वास येतो. हे सारे पाहूनही शंका उरली तर झाड कुंडीतून सरळ बाहेर काढा. पीस लिली या बाबतीत सोशिक आहे, मुळे पाहण्यासाठी एकदा बाहेर काढल्याने ती रुसत नाही. निरोगी मुळे पांढरी ते फिकट बदामी आणि ताठ असतात. तपकिरी-काळे मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल सरकून हातात आली आणि मागे केवळ दोऱ्याएवढा गाभा राहिला, तर ते मूळ मेलेले आहे.

आणखी एक विनंती. सिरॅमिकच्या कुंडीला तळाशी भोक आहे का, हे पाहून सांगा.

अंगणवेल

काल संध्याकाळी वॉचमनकाकांच्या मदतीने तिन्ही कुंड्या अंगणात आणल्या. सिरॅमिकच्या कुंडीला भोक नाही. तिच्या आत प्लास्टिकची साधी कुंडी ठेवलेली आहे, आणि ती उचलल्यावर बाहेरच्या कुंडीत चार बोटे पाणी साचलेले दिसले. त्या पाण्यावर तवंग होता, आणि वासाबद्दल आपण लिहिले ते तंतोतंत खरे ठरले.

माती म्हणजे चिकट लाल माती आहे. ती बोटांनी सुटत नव्हती, म्हणून नळाखाली धरून धुतली. बाहेरच्या बाजूची मुळे जवळजवळ सर्व काळी होती आणि साल खरोखरच मोज्यासारखी निघून आली. आत खोलवर, नेमके देठांच्या खाली, मुळांना घट्ट आवळून बसलेली एक पांढरी जाळी सापडली. जाळीतून आरपार गेलेली मुळे जाडजूड होऊन तिथेच करकोचली होती. ही जाळी कशासाठी असते? ती काढावी की तशीच ठेवावी?

तीनपैकी एका झाडाचा गड्डा दाबल्यावर मऊ लागतो आणि पाणी सुटते. उरलेल्या दोघांचा गड्डा टणक आहे, जरी त्यांना धड मुळे फारशी उरलेली नाहीत.

मातीचे_हात

पूर्ण चित्र आता समोर आले. बाजारात येणाऱ्या बहुतेक पीस लिली ऊतिसंवर्धनाने (टिश्यू कल्चरने) तयार होतात. प्रयोगशाळेतून आलेले इवलेसे रोप लावताना त्याच्या मुळांभोवतीचा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा सुटू नये म्हणून ती जाळी असते. काही जाळ्या कालांतराने विरतात, प्लास्टिकच्या विरत नाहीत. गोळ्यातील कोकोपीट ओले राहते, भोवतीची लाल माती वेगळ्या गतीने वाळते, आणि गड्ड्याच्या अगदी खाली ओल दडून बसते. जाळी कात्रीने उभी कापून जमेल तेवढी काढावी. जिथे मूळ तिच्यात पूर्ण गुंतले आहे तिथे ओढाताण करू नये.

मऊ गड्ड्याचे झाड मातीसकट टाकून द्यावे. टणक गड्ड्याची दोन झाडे वाचण्याची चांगली शक्यता आहे. पीस लिलीचा जीव पानांत नसून त्या आखूड मूळखोडात असतो, आणि सर्व पाने गेली तरी टणक मूळखोडातून नवे कोंब फुटू शकतात. कात्री स्पिरिटने पुसून घ्या, सर्व काळी मुळे निरोगी भागापर्यंत कापा, आणि ज्या प्रमाणात मुळे गेली त्या प्रमाणात पानेही कमी करा. दोन-चार मुळांना पंधरा पाने पोसता येणार नाहीत, म्हणून बाहेरची जुनी, पिवळी पाने तळातून काढून मधली कोवळी तेवढी ठेवावीत.

नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची, म्हणजे आताच्यापेक्षा बरीच लहान घ्यावी. येथे लोक हमखास उलट करतात. आजारी झाडाला मोकळी जागा मिळावी म्हणून मोठी कुंडी आणतात. मुळे पोहोचत नाहीत तेवढ्या भागातील माती मग आठवडेच्या आठवडे ओली राहते. मिश्रणात लाल माती अजिबात नको. धुतलेले कोकोपीट दोन भाग, पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) एक भाग, चाळलेले गांडूळखत अर्धा भाग आणि मूठभर कोळशाचे बारीक तुकडे घ्यावेत. पर्लाइट न मिळाल्यास भाताचे तूस किंवा जाड वाळू चालेल. स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असते, त्यामुळे ते दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घेणे आवश्यक आहे.

लावल्यानंतर एकदा पाणी द्या, निथळू द्या, आणि झाड उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. नवे पान उलगडू लागेपर्यंत खत नाही, टॉनिक नाही, ताकही नाही.

रानवाट (सातारा)

कापलेल्या मुळांना मी हळद आणि दालचिनीची पूड लावतो व कुंडीच्या तळाशी दोन इंच खडी घालतो, म्हणजे पाणी साचत नाही. तेवढे केले तर बुरशीनाशकाची गरज पडू नये.

बांधावरून (राहुरी)

रानवाट, कापलेला भाग कोरडा राहण्यास हळद-दालचिनीची थोडीफार मदत होत असेल, मात्र मुळांत आधीच शिरलेल्या रोगावर ती पूड काही करू शकत नाही. खडीचा समज तर जवळपास प्रत्येक घरात आहे. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही; माती पूर्ण भरेपर्यंत ते खडीच्या वरच थांबते, म्हणजे ओल्या मातीचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा मिश्रणाने होतो आणि भोकाने होतो.

औषधाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण कृषी सेवा केंद्रात गेल्यावर बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी हातात ठेवतात. कुंडीतली मुळे कुजवणारे पिथियम आणि फायटोफ्थोरा हे खऱ्या अर्थाने बुरशी नव्हेत, त्यांचा गट वेगळा आहे, आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटलॅक्झिल किंवा फोसेटिल हे घटक असलेली औषधे असतात. याउलट सिलिंड्रोक्लॅडियम ही पीस लिलीची खास शत्रू मानली गेलेली बुरशी खरी बुरशी आहे. ती मुळांबरोबर देठाच्या तळावरही तपकिरी, खोलगट डाग पाडते. पाण्याच्या शिंतोड्यांतून ती शेजारच्या कुंडीत जाते आणि जुन्या मातीत टिकून राहते. नेमका कोणता रोग आहे हे घरी नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यामुळे सात कुंड्यांसाठी औषधांचा खेळ करण्यापेक्षा सडलेला भाग कापणे, माती बदलणे आणि पाणी तोडणे हेच जास्त फळ देते. टाकलेली माती गुलाबाच्या वाफ्यातही घालू नये.

ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचे असल्यास ते नव्या मिश्रणात, प्रतिबंध म्हणून वापरावे. कार्बेन्डाझिम ओतल्यावर लगेच ट्रायकोडर्मा दिले तर तेही मरते. दोन्ही एकदम घालणारे लोक पाहिले आहेत, म्हणून सांगितले.

वऱ्हाडी_ठेचा (नागपूर)

धाग्यातील दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. टोके तपकिरी होणे हा प्रकार आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी दिसतो, आणि दरवेळी कोरड्या हवेला दोष दिला जातो. हवा कोरडी असतेच, परंतु आमच्या घरी निम्मे कारण पाण्यात निघाले. घरातील एका कुंडीला कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी जात असे. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. गवताच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच. तेच पाणी कुंडीत गेले की पानाच्या टोकाशी क्षार साठत जातात, कारण पानातील पाणी उडून जाते आणि क्षारांना बाहेर जायला वाट नसते. साधे पाणी सुरू केल्यावर नवी पाने स्वच्छ आली. अंगणवेल ताई, तुमच्या लॉबीत पाणी नेमके कुठले येते? महापालिकेचे, बोअरचे की टँकरचे?

अंगणवेल

चौकशी केली. पिण्याचे पाणी महापालिकेचे आहे, पण वापराच्या टाकीत बोअरचे पाणी येते आणि उन्हाळ्यात त्यात टँकरचे मिसळते. पाणी फार जड असल्यामुळे सोसायटीने तळघरात सॉफ्टनर बसवला आहे, आणि लॉबीतील नळाला तेच पाणी येते. आमच्याकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे यंत्र आहे, म्हणून सॉफ्टनरच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही पाणी मोजले. आकडा जवळजवळ तोच आला. मग सॉफ्टनर काम करत नाही, असे समजायचे का?

बांधावरून

सॉफ्टनर व्यवस्थित काम करत आहे. तो क्षार काढून टाकत नाही, त्यांची अदलाबदल करतो. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यातील रेझिनला चिकटतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात येते. तळघरात मिठाची पोती आणून ओततात ती याचसाठी. एकूण विरघळलेला ऐवज तेवढाच राहिल्यामुळे यंत्रावरचा आकडा हलत नाही. कपडे धुण्यासाठी आणि नळाच्या जाळ्यांसाठी ते पाणी उत्तम. कुंडीतील झाडासाठी मात्र ते मूळच्या जड पाण्यापेक्षा वाईट, कारण झाडाला उपयोगी पडणारे दोन घटक गेले आणि नको असलेले सोडियम आले.

जुन्या, खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून मधला भाग हिरवा राहत असेल तर ती मॅग्नेशियमच्या कमतरतेची खूण असू शकते. पीस लिलीत ही कमतरता नेहमी आढळते. अशा वेळी लिटरभर पाण्यात पाव चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालून महिन्यातून एकदा द्यावे. ही खूण नसेल तर एप्सम सॉल्ट म्हणजे क्षारांत आणखी एका क्षाराची भर आहे.

मातीचे_हात

पाण्याच्या विषयावर आणखी दोन गोष्टी, कारण उन्हाळ्यात माझ्याकडे याच तक्रारी सर्वाधिक येतात. घरातील आरओ यंत्राच्या बाजूच्या नळीतून निघणारे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक ते झाडांना घालतात. हेतू चांगला आहे, पण गाळलेल्या पाण्यातून काढलेले सर्व क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. त्याने फरशी पुसावी, गाडी धुवावी. पीस लिलीला ते देऊ नये. आणि पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवल्याने क्लोरीन बराच उडून जातो, मात्र क्षार जेवढ्याचे तेवढेच राहतात.

लॉबीसाठी सोपा मार्ग म्हणजे एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी. ते हवेतील वाफेपासून बनलेले असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात; फक्त एसीची धुलाई झालेल्या दिवशीचे पाणी घेऊ नये. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात धरावे. हे दोन्ही नसेल तेव्हा पिण्याच्या टाकीतील पाणी द्यावे.

प्रवेशद्वाराजवळच्या दोन्ही कुंड्या आधी धुऊन काढाव्या लागतील. आतली कुंडी मोरीत ठेवून कुंडीच्या आकाराच्या तिप्पट-चौपट चांगले पाणी सावकाश वरून ओतावे आणि खालून पूर्ण वाहू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. वाळलेली टोके पुन्हा हिरवी होणार नाहीत. ती कापायची असल्यास पानाच्या मूळ आकाराला धरून, तपकिरी भागाची बारीक कड शिल्लक ठेवून कापावीत; हिरव्या भागात कात्री लागली की तिथून पुन्हा नवी तपकिरी कड तयार होते.

थेम्सकाठी (लंडन)

आमच्याकडे लंडनमध्येही नळाचे पाणी चुनखडीमुळे जड आहे. किटलीत महिनाभरात पांढरा थर जमतो. माझ्याकडच्या पीस लिलीची टोके वाळणे बागेतल्या पिंपातील पावसाचे पाणी देऊ लागल्यावरच थांबले. इथली दुसरी अडचण वेगळी आहे. हिवाळ्यात खिडकीच्या काचेलगत फार गारठा असतो आणि खिडकीखालीच तापलेला रेडिएटर असतो, त्यामुळे झाडाला एका बाजूने थंडी आणि दुसऱ्या बाजूने कोरडी गरम हवा सोसावी लागते. तापमान १२-१३ अंशांखाली गेले की पाने काळपट पडून मान टाकतात. डिसेंबरमध्ये जेमतेम आठ तास उजेड असतो, तेव्हा झाड वाढत नाही आणि पाणीही कमी पिते. उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घातले की मुळे सडतात. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतील पहाटही काही वेळा १० अंशांखाली जाते, तेव्हा झाडे उघड्या दाराच्या झोतात नसावीत.

एक शंका विचारते. फवाऱ्याने पानांवर रोज पाणी फवारावे असे सगळीकडे वाचायला मिळते. त्याचा उपयोग होतो का?

मातीचे_हात

फवारलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि हवेतील दमटपणा पूर्ववत होतो. जड पाणी फवारले तर पानांवर पांढरे ठिपके राहतात ते वेगळेच. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या सुती फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसा. धूळ जाते आणि पानामागे दडलेले पिठ्या ढेकूण किंवा लाल कोळीही वेळीच दिसतात. पिठ्या ढेकणांसाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून टिपून घेणे पुरते. पानांवर पांढरी भुकटी दिसली की दरवेळी कीड समजू नये. फुलातील मधल्या दांड्यावरचे परागकण खालच्या पानावर सांडतात आणि ते फुंकरीने उडतात.

मनीमाऊ (डोंबिवली)

मांजर असलेल्या घरात ही झाडे ठेवावीत का? लिली मांजरांना जीवघेणी असते असे ऐकले आहे.

बांधावरून

जीवघेणी असते ती खरी लिली, म्हणजे लिलियम प्रजातीतील. तिने मांजराचे मूत्रपिंड निकामी होते. पीस लिलीचे केवळ नाव लिली आहे, ती अळू-सुरणाच्या कुळातली आहे. अळू ज्यामुळे खाजतो तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हिच्यातही असतात. मांजराने पान चावले तर तोंडात आग होते, लाळ गळते, उलटी होऊ शकते. जीव जाण्याचा धोका सहसा नसतो, तरीही त्रास दिसल्यास पशुवैद्यांना दाखवावे आणि कुंडी उंचावर ठेवावी. रांगत्या बाळांच्या घरीही हीच काळजी घ्यावी. झाडे छाटताना हात चुरचुरत असतील तर हातमोजे घालावेत.

वऱ्हाडी_ठेचा

समितीतील प्लास्टिकवाल्या सदस्यांना सांगा की हे झाड हवा शुद्ध करते, नासाने सिद्ध केले आहे.

बांधावरून

समितीला ते सांगू नये, कारण कोणी शोधून पाहिले तर पंचाईत होईल. नासाचा तो प्रयोग १९८९ चा आहे. तो लहानशा बंद पेटीत केला होता, आणि त्यात पीस लिलीने बेंझिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखी रसायने कमी केली हे खरे आहे. लॉबी ही बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातील संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा इमारतीत नैसर्गिकपणे हवा बदलते तेवढा परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा हिशेब निघाला. लॉबी हिरवी दिसते हेच कारण समितीला पुरेसे असावे.

सदाफुली

लिफ्टजवळच्या कुंडीबद्दल कोणीच लिहिले नाही. आमच्याकडेही फुले येणे थांबले आहे. झाड आणले तेव्हा एकाच वेळी सात-आठ फुले होती.

मातीचे_हात

ती फुले येण्यामागे बहुधा जिबरेलिक ॲसिडची फवारणी असते. मोठ्या रोपवाटिका विक्रीच्या काही आठवडे आधी हे संजीवक फवारतात, त्यामुळे सर्व झाडे एकाच वेळी, वयाआधीच फुलतात. घरी आल्यावर तो परिणाम संपतो आणि पुढची फुले झाडाला स्वतःच्या बळावर काढावी लागतात. त्यासाठी उजेड लागतो. कमी उजेडात पीस लिली तगते, म्हणून तिला अंधारातले झाड म्हणून विकतात. तगणे आणि फुलणे यांत बराच फरक आहे. लिफ्टजवळचा दिवा वाचण्यापुरता असेल, फुलासाठी नाही. उत्तर किंवा पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन हातांवर, जिथे दुपारी हाताची पुसट सावली भिंतीवर पडते, अशी जागा शोधा. तिथे रुळल्यावर १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) लिटरला अर्धा ग्रॅम, दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पुरे.

पश्चिमेच्या काचेलगतच्या कुंडीची तक्रार याच्या बरोबर उलट आहे. ते उन्हाचे चटके आहेत, ती फक्त तीन-चार हात आत सरकवा. करपलेली पाने भरून येणार नाहीत. नवी चांगली आल्यावर ती काढून टाका. आणि जी पांढरी 'पाकळी' आपण पाहतो ते खरे तर एक पान असते, त्यामुळे फूल जुने होताना ती हिरवी होते. तो रोग नव्हे. हिरवी झालेली फुले देठाच्या तळापासून कापावीत.

अंगणवेल

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मऊ गड्ड्याचे झाड मातीसकट टाकले. उरलेल्या दोघांची पाने पहिल्यांदा आणखी झडली आणि एकाला दोनच पाने राहिली, तेव्हा समितीच्या बैठकीत बरेच ऐकून घ्यावे लागले. पावसाळा सुरू झाल्यावर दोन्हींच्या मधोमध गुंडाळलेली नवी पाने निघाली आहेत. प्रवेशद्वाराजवळच्या झाडांना एसीचे पाणी सुरू केल्यापासून आलेल्या पानांची टोके अजून तरी स्वच्छ आहेत. सिरॅमिकच्या कुंड्यांत आता तळाशी एक उलटी बशी ठेवून त्यावर आतली कुंडी बसवली आहे, आणि पाणी देताना आतली कुंडी बाहेर काढून निथळून परत ठेवतो.

खरी अडचण माणसांची आहे. सफाईचे कर्मचारी बदलतात आणि नवीन येणारे पुन्हा रोज तांब्याभर पाणी घालू लागतात. शिवाय येणारे-जाणारे बाटलीतील उरलेले पाणी कुंडीत रिकामे करतात. लिफ्टजवळची कुंडी उजेडात हलवली. ती फार दाटली आहे, तिचे दोन-तीन भाग करून रिकाम्या झालेल्या कुंडीत एक लावता येईल का?

रानवाट

पुण्यात असून पाटी लावली नाहीत? खडीचा मुद्दा मात्र पटला. आमच्या घरच्या दोन कुंड्या उपसल्या, खडीच्या वरचा थर खरोखरच चिखल झालेला होता.

मातीचे_हात

पाटी लावाच, पण त्यावर वार लिहू नका. सोमवार-गुरुवार असे ठरवले की आषाढातही सोमवारी पाणी पडतेच. पाणी घालणारी व्यक्ती एकच ठेवा आणि तिला कुंडी उचलून पाहायला शिकवा. पाणी दिल्यावरचे वजन आणि वाळल्यावरचे वजन हातांना चार-सहा वेळांत कळू लागते. वरचा बोटभर थर कोरडा आणि कुंडी हलकी, तरच पाणी. एप्रिल-मेमध्ये ही वेळ दर तीन-चार दिवसांनी येईल, भर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनीही येणार नाही. मातीवर काळी चिलटे उडताना दिसली तर ओल जास्त आहे असे समजावे. पिवळ्या चिकट पट्ट्या त्या उडणाऱ्या चिलटांना पकडतात, पण अळ्या मातीतच असतात आणि माती वाळल्यानेच कमी होतात.

दाटलेल्या झाडाचे भाग करण्यास हा हंगाम योग्य आहे. पान किंवा देठ पाण्यात ठेवून पीस लिलीला मुळे फुटत नाहीत, भाग गड्ड्याचेच करावे लागतात. आदल्या दिवशी पाणी द्या, झाड बाहेर काढून माती झटका, आणि प्रत्येक भागाला स्वतःची मुळे व किमान तीन-चार पाने राहतील असे हातांनी सोडवा. गरज पडेल तिथेच सुरी लावा. आतली जाळी याही झाडात असणार, ती आताच काढून घ्या. दोनच भाग करा. तीन केले तर लॉबीत ते वर्षभर केविलवाणे दिसतील आणि प्लास्टिकचा विषय पुन्हा निघेल. रिकामी सिरॅमिकची कुंडी वापरण्यापूर्वी ब्लीचच्या पाण्याने घासून, उन्हात पूर्ण वाळवून घ्या. आतली प्लास्टिकची कुंडी नवीच आणा.